बेबिंकाचे थर आणि उष्णतेची वाट

नाताळात गोव्यातील एखाद्या ख्रिस्ती घरी गेलात, तर बेबिंका हे पक्वान्न तुमच्या पुढ्यात येण्याचा संभव आहे. त्याची कापलेली फोड नीट न्याहाळा. पिवळसर आणि तांबूस-तपकिरी पट्टे, खडकांच्या स्तरांसारखे एकावर एक रचलेले दिसतील. नारळाचे दूध, मैदा, साखर, अंड्यातील पिवळा बलक आणि थोडे जायफळ यांचे एकच मिश्रण सर्व थरांना वापरतात. मग हे दोन रंग आले कोठून?

कृती अशी. तूप लावलेल्या भांड्यात मिश्रणाचा पातळ थर ओतून भाजतात. तो वरून तांबूस झाला, की त्यावर चमचाभर तूप सोडून दुसरा थर ओततात. असे सात किंवा त्याहून अधिक थर होतात. पहिला थर झाला, की मुख्य विस्तव असतो तो झाकणावर! पूर्वी यासाठी नारळाच्या सोडणांचे निखारे वापरीत. आज ओव्हनमधील वरची तापलेली तार तेच काम करते.

विस्तव वर कशासाठी?

खालून उष्णता दिली, तर ती आधी भाजलेल्या थरांमधून वर जावी लागेल. हे थर उष्णतेचे मंदवाहक आहेत. नवा थर कच्चा राहील आणि तळ करपेल. झाकणाखालची हवा तापते, पण गरम हवा हलकी असल्याने वरच राहते. म्हणजे अभिसरणाने उष्णता खाली येत नाही. ती मुख्यतः येते प्रारणाने. तापलेल्या झाकणातून निघणारे अवरक्त किरण सरळ नव्या थराच्या पृष्ठभागावर पडतात. तेथून पुढे आत शिरण्याचे काम वहनाचे.

थर पातळ कशासाठी?

समजा, थराची जाडी दुप्पट केली. आता तापवायचे द्रव्य दुप्पट झाले. शिवाय तापमानातील तोच फरक दुप्पट अंतरावर पसरल्याने उष्णता निम्म्या वेगाने वाहते. म्हणून वेळ लागतो २ × २ = ४ पट. थोडक्यात, वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

पाणीदार पदार्थाचा ५ मिलिमीटरचा थर एका बाजूने तापून उष्णता तळाशी पोचण्यास अंदाजे ३ मिनिटे लागतात. सात थरांचे मिश्रण एकदम ओतले, तर जाडी ३५ मिलिमीटर आणि वेळ ४९ × ३ = १४७ मिनिटे! तोवर वरचा भाग करपून कोळसा होईल. एकेक थर भाजला, तर याच कामाला ७ × ३ = २१ मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात बराच अधिक वेळ लागतो, कारण थर नुसता तापून भागत नाही. तो तांबूस व्हावा लागतो.

रंगाचे रहस्य

बलक सुमारे ६५ ते ७०° सें. तापमानाला घट्ट होतो. पण पृष्ठभाग ओला असेतोवर त्याचे तापमान १००° सें.च्या फारसे वर जात नाही. येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पृष्ठभाग सुकला, की तापमान चढते. सुमारे १४०° सें.पासून प्रथिने व शर्करा यांच्यातील अभिक्रियेला वेग येतो व तपकिरी, सुवासिक द्रव्ये तयार होतात. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले. आतील भाग ओलसर असल्याने पिवळाच राहतो. म्हणजे तपकिरी रेघ फक्त उघड्या पृष्ठभागावर उमटते. सात रेघा हव्यात, तर सात वेळा भाजायलाच हवे!

करून पहा

(घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने) बटाट्याचे १.५ सेंमी व ३ सेंमी बाजूचे काही घन कापा. ते एकाच वेळी उकळत्या पाण्यात टाका. दर दोन मिनिटांनी प्रत्येक प्रकारचा एकेक घन काढून मधोमध कापा आणि गाभा शिजला का, ते पहा. दोन्ही वेळांचे गुणोत्तर काढा. ते २ च्या जवळ येते की ४ च्या? गाभा तापल्यावर शिजण्यासही थोडा वेळ लागतो, म्हणून नेमके ४ येणार नाही. लहान घनांचे तुकडे करून हाच प्रयोग पुन्हा केला, तर हे गुणोत्तर ४ च्या जवळ जाईल की दूर? कारणासह उत्तर लिहा.