समाकलनात चल बदलताना
कोल्हापूरनजीकच्या कळंबा तलावासारख्या जलाशयाच्या तळाशी असलेल्या विमोचकातून मुक्तपणे सुटणारा प्रवाह पाण्याच्या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. समजा, ९ मीटर खोली रोज १ मीटरने उतरते व प्रवाह √(९ − क्ष) एकके प्रतिदिन आहे; क्ष म्हणजे लोटलेले दिवस. पाच दिवसांचे पाणी काढण्यासाठी ९ − क्ष = य मानावे. तेव्हा ० व ५ या सीमांच्या जागी ९ व ४ येतात. क्ष वाढता य तितकाच घटतो. त्या ऋण चिन्हामुळे सीमांची अदलाबदल होऊन √य चे ४ ते ९ समाकलन उरते :

२/३ × (२७ − ८) = ३८/३, म्हणजेच सुमारे १२.६७ एकके.

जुन्याच सीमा ठेवल्यास उत्तर ७.४५ येते व दोन पंचमांश पाणी हिशेबातून गळते. म्हणून चलासोबत सीमाही बदलण्याची सवय विद्यार्थ्यांना आरंभीच लावणे अगत्याचे आहे.