१० बाय ४ च्या बाल्कनीत सुतारकाम

प्रश्न : हैदराबादच्या दिलसुखनगरला आमच्या फ्लॅटची बाल्कनी १० बाय ४ फुटांची आहे. तिथे सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करायचं आहे. टेबल सॉ बसेल का? कमी पैशात सुरुवात कशी करू?

उत्तर : बसेल, पण चालवता येणार नाही. आपण यंत्राची लांबी-रुंदी मोजतो आणि लाकडाला लागणारी जागा विसरतो. ८ फुटी फळी उभी चिरायची तर ती आधी पात्याच्या अलीकडे ८ फूट असते आणि चिरून झाल्यावर पलीकडे ८ फूट जाते. म्हणजे १६ फूट झाले. हातकरवतीचं उलट असतं: लाकूड जागेवर राहतं, हात फिरतो. म्हणून तुमच्या बाल्कनीत हातहत्यारंच सोयीची.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. विजेची करवत जवळून ९० च्या पुढे जाते. धूळ त्याहून वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. रंध्याने छिलके पडतात, ते झाडूने गोळा होतात. घासायच्या मशीनची बारीक धूळ थेट घरात शिरते. हाताने घासतानाही मास्क लावाच.

आधी भलंमोठं टेबल हवं, हा समजही सोडा. आपले सुतार जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून उत्तम काम करत आले आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर भिंतीला बिजागरीने लावलेली घडीची फळी करा; मात्र रंधा मारताना ती हलता कामा नये.

प्लायवूडचा ८ बाय ४ चा १८ मिलिमीटर जाडीचा ताव ३० किलोंच्या आसपास भरतो आणि बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही. मापं लिहून न्या आणि दुकानातूनच कापून आणा.

पैसे आधी धारेवर घाला. गुण्या, करवत, रंधा, पाव-अर्धा-एक इंची तीन पटाशा, दोन शिकंजे आणि धार लावायचा चांगला दगड. दगडात काटकसर नको: बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, ती सटकते आणि हातात घुसते. विजेचं एकच यंत्र घ्या, ड्रिल. हत्यारांसाठी सिकंदराबादच्या राणीगंजला एक चक्कर मारा. पावसाळ्यात बाल्कनीतलं लोखंड लगेच गंजतं. काम झालं की पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून ती घरात ठेवा.