सणाच्या दिवसांत घरची हजेरी





शाळेत आम्ही रोज हजेरी घेतो. नाव पुकारले की मूल 'हजर' म्हणते आणि पटावर खूण होते. पण शिक्षकांना ठाऊक असते की काही मुले बाकावर असूनही वर्गात नसतात. मन कुठे मैदानावर, कुठे बसस्टँडवर फिरत असते. सणासुदीच्या दिवसांत आपल्या घरांचेही असेच होते. माणसे घरी येतात, पण घरात असतातच असे नाही. आजचा पाठ या घरच्या हजेरीविषयी आहे.

१) आपल्या सुट्या का जुळत नाहीत?

आपल्या भागात घरच्यांची गाठभेट होणे आधीच कठीण आहे. त्याला इतिहास आहे. १९५६ पर्यंत बीदर, गुलबर्गा व उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्यात गेला व पुढे महाराष्ट्रात आला. जहिराबाद, नारायणखेडकडचा भाग आंध्र प्रदेशात गेला, तो आज तेलंगणात आहे. बीदर, भालकी, औराद हे तालुके म्हैसूर राज्यात आले. त्याच राज्याचे नाव १९७३ पासून कर्नाटक झाले.

नकाशा बदलला, सोयरीक मात्र तशीच राहिली. घर भालकीला, आजोळ उदगीरला आणि आत्या जहिराबादला, अशी कुटुंबे आपल्याकडे घरोघरी आहेत. आता सुट्यांचे पाहा. कर्नाटक आणि तेलंगणातील शाळांना मोठी सुटी दसऱ्याला मिळते, तर महाराष्ट्रात दिवाळीला. आपली मुले आजोळी जातात तेव्हा मामाच्या मुलांची शाळा चालू असते. मामाची मुले इकडे येतात तेव्हा आपल्याकडे चाचणी असते. पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला नोकरी करणारा काका तर दोन दिवसांच्या रजेवर येतो. म्हणून एकत्र मिळालेला एकेक दिवस मोलाचा आहे.

२) तिथीने जुळणारा दिवस

एक दिवस मात्र असा आहे की जो राज्याच्या सीमा मानत नाही. तो म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, आपली येळवस. कानडी बांधव तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. 'एळ्ळु' म्हणजे तीळ. आपले 'येळवस' आणि पुस्तकातले 'वेळ अमावस्या' हे शब्द त्यावरूनच आले असे मानतात. लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात हा सण साजरा होतो. लातूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुटी जाहीर करतात.

हा सण तिथीने येतो, म्हणून इंग्रजी तारीख पुढे-मागे होते. २०२४ या एकाच इंग्रजी वर्षात तो दोनदा आला : ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. त्या वेळी शेतात ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यावर येतो, तूर भरते. शेतात कडब्याची कोप करून पूजा मांडतात. तुरीचे व हरभऱ्याचे कोवळे दाणे, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, चिंच आणि डाळीचे पीठ घालून भज्जी करतात. सोबत ज्वारीचे आंबील, उंडे, बाजरीची भाकरी व खीर असते. ज्यांना शेत नाही त्यांनाही आग्रहाने बोलावले जाते. जात-धर्म न विचारता पंगत बसते. घरच्या माणसांनी शेतात दिवसभर एकत्र राहावे, हाच या सणाचा गाभा आहे, असे आम्हास वाटते.

३) जमणे आणि हजर असणे

अलीकडे मात्र डिसेंबर महिना फार गर्दीचा झाला आहे. लग्ने, स्नेहसंमेलने, नाताळ, नवे वर्ष, खरेदी, हे सारे एकदमच येते. कुटुंब शेतात जमते, पण प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये असतो. भज्जीचा फोटो शंभर जणांना जातो आणि शेजारी बसलेल्या आजीला 'वाढू का?' असे कोणी विचारत नाही.

दुसरी गैरहजेरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ती आईची. ती आदल्या दिवसापासून निवडणे, सोलणे, भिजवणे यात असते, रात्र चुलीपाशी जाते आणि शेतात सर्वांना वाढून ती शेवटी बसते, तोवर उठण्याची वेळ होते. ज्या घरात आई सणभर चुलीजवळच राहते, त्या घरात पंगत पूर्ण भरली असे म्हणता येत नाही. तुरीच्या शेंगा सोलायला पदवी लागत नाही. मुलगे आणि वडीलही ते काम करू शकतात.

तिसरी गोष्ट काळाची आहे. १९५६ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. कोणत्या शेताला काय नाव, कोणत्या गावाशी काय नाते, १९७२ च्या दुष्काळात घरात काय शिजत होते, हे त्यांच्याजवळ आहे. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. पुढच्या येळवसला विचारू म्हणावे, तर ते पुढच्या येळवसला असतीलच याची खात्री कोण देणार?

४) जे येऊ शकत नाहीत

काही मुलांचे आई-वडील या दिवसांत ऊसतोडीला गेलेले असतात. कोणाचे वडील बस चालवतात, कोणाची ताई रुग्णालयात कामावर असते. त्यांची गैरहजेरी हा त्यांचा दोष नव्हे. उलट आपल्याच पोटासाठी ते दूर आहेत. अशा वेळी मोबाईल हेच मोठे साधन ठरते. मात्र फोटो पाठवून मोकळे होऊ नये. ठरल्या वेळी फोन लावावा, घाई करू नये आणि आधी आजी-आजोबांना बोलू द्यावे. ज्या मुलाच्या घरी कोणीच नाही, त्याला आपल्या शेतात न्यावे. आपली रीतही तीच आहे.

५) विद्यार्थ्यांनी करावयाचा स्वाध्याय

(अ) आदल्या दिवशी घरातील एक काम मागून घ्या व पूर्ण करा.

(आ) जेवताना सर्वांचे मोबाईल एका पिशवीत ठेवा. आधी स्वतःचा ठेवा, मग मोठ्यांना विनंती करा.

(इ) आईला पहिल्या पंगतीला बसवा. वाढण्याचे काम तुम्ही करा.

(ई) घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला तीन प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. कानडी किंवा दखनी शब्द आला तर तो तसाच ठेवा.

पालकांना विनंती की हा स्वाध्याय मुलांनी एकट्याने करावयाचा नाही. विश्वस्त मंडळासही नम्र विनंती की येळवसच्या दुसऱ्या दिवशी चाचणी अथवा स्नेहसंमेलनाचा सराव ठेवू नये. मुले घरी हजर राहावीत असे आपण म्हणतो, तर त्यांना तेवढी मोकळीक शाळेनेही दिली पाहिजे.

शाळेचा हजेरीपट वर्षअखेरीस कपाटात जातो. घरची हजेरी कोणी मांडत नाही, पण वाट पाहणाऱ्या माणसांना ती नेमकी आठवते.

सर्वांना सणाच्या हार्दिक शुभेच्छा.

आपले,
मुख्याध्यापक व शिक्षकवृंद