दोऱ्याचं माप

उधना, सुरत
कार्तिक वद्य पंचमी

चि. भैय्यास अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितोय. मागच्या वेळी मी आबांच्या औषधाचं सांगत होतो आणि तू मधेच हसलास. समोर दुसरंच काही चाललं होतं, हे मला इथे बसून कळलं. कागद तरी नीट वाचशील.

परवा गावचा एक जण मार्केटात भेटला. म्हणाला, दिवेलागणीला प्रकाशाच्या पुलावर तू दिसलास. एक हात हँडलवर, दुसऱ्यात मोबाइल, मान खाली. त्याने हाक मारली, तुला ऐकू गेली नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. भैय्या, उसाचं गाळप सुरू झालंय. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात त्याच रस्त्याने जातात, आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. ताशी 50 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. दोन सेकंद खाली पाहिलंस की 28 मीटर तू आंधळा! लाज वाटायला हवी होती तुला, घरी वाट बघणारी माणसं आहेत.

तुझी आई सांगते, रात्री दोनपर्यंत खोलीत उजेड असतो. अंधार पडला की शरीरात झोपेचं मेलाटोनिन तयार होऊ लागतं, पडद्याचा उजेड ते लांबवतो. मग अर्ध्या झोपेत तू सकाळी कॉलेजला निघतोस, पुन्हा त्याच पुलावरून.

फोन घ्यायला अण्णाला मीच भरीस पाडलं होतं. 2020 मध्ये शाळा बंद होत्या, धडगावकडची पोरं रेंजसाठी टेकड्या चढत होती. मिरचीच्या पैशातून तो फोन आला. ते चुकलं असं अजूनही वाटत नाही, तुझा अभ्यासही त्यावरच आहे. पण सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं ऐकलंस ना? 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास अख्खं गाव मोबाइल, टीव्ही बंद ठेवतं. मला त्यातलं आवडलं ते हे, की मोठेही बंद करतात. म्हणून अण्णालाही कळवलंय, सातला घरातला टीव्ही बंद. एकट्या तुलाच दटावणं बरोबर नाही.

आता एक सांगतो, आबांपाशी काढू नकोस. आबांचा पाय बैलाने मोडला असं तू लहानपणापासून ऐकत आलास. बैलाने नाही मोडला. मी 19 वर्षांचा होतो. गल्लीत वर्गणी काढून व्हिडिओ आणला होता, रात्रभर तीन पिक्चर. लाइट रात्रीची होती आणि उसाला पाणी भरायची पाळी माझी. एवढा एक बघून जातो, म्हणत बसून राहिलो. आबा वाट बघून स्वतःच गेले आणि अंधारात हौदाच्या कडेवरून घसरले. पहाटे मी पोचलो तेव्हा ते चिखलात बसून होते. मला बघून पहिलं काय म्हणाले असतील? ‘मोटार बंद कर.’ बैलाची गोष्ट त्यांनीच गावभर सांगितली, माझं नाव कुठे येऊ नये म्हणून.

आमच्या व्हिडिओला निदान शेवट होता, कॅसेट संपायची. तुझ्या हातातलं संपतच नाही. त्यामुळे तुला माझ्याहून जड जाणार, हे मला समजतं. एकदम सुटणार नाही. गाडीवर मात्र फोन डिकीत ठेव, एवढं माझं ऐक.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. तू आबांना हाताला धरून पारापर्यंत नेतोस, तेही त्या माणसाने सांगितलं. ते ऐकून मला भरून आलं होतं, आधी लिहायला हवं होतं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला येतोय. नंदुरबार स्टेशनावर तूच घ्यायला ये. येताना हेल्मेट आणणार आहे. आबांकडून दोऱ्याने डोक्याचा घेर मोजून घे, गाठ मार आणि तो दोरा पाकिटात घालून पाठव. काकूने तुझ्यासाठी घारी काढून ठेवलीय.

तुझा,
नानाकाका