कार्ड बांधीत लावण्याआधी

ट्रायकोकार्ड हे औषध नव्हे, जिवंत माल आहे, हे विकणारेही कधीकधी विसरतात. नागभीडकडच्या आमच्या धानाच्या बांध्यांसाठी एका विक्रेत्याकडून एसटीच्या पार्सलने कार्डं मागवली होती. पिशवीला आतून धूळ बसलेली दिसली. उन्हात धरली तर ती धूळ चालत होती! कार्डावरच्या काळ्या अंड्यांना बारीक भोकं पडलेली. माश्या वाटेतच निघाल्या होत्या. पैसे गेले ते गेले, वर खोडकिड्याला मोकळं रान मिळालं. तेव्हापासून पाकिटावर माशी निघायची तारीख नसेल तर मी कार्ड हातातही घेत नाही.

एका कार्डावर साधारण 20,000 अंडी असतात, साठवणीच्या धान्यातल्या कॉर्सायरा पतंगाची. ट्रायकोग्रामा या बारीक परजीवी माशीने त्यांत आपली अंडी घातलेली असतात. धानाच्या खोडकिड्याला जापोनिकम जात मागा. हेक्टरी 50,000, म्हणजे एकरी एक कार्ड, रोवणीनंतर महिनाभराने सुरू करून दर आठवड्याला, तीनचार वेळा. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या, तेही पावसाची उघाड बघून. ही माशी फक्त अंडी मारते. अळी खोडात शिरून गाभेमर दिसायला लागली की कार्डाचा उपयोग शून्य, म्हणून कामगंध सापळ्यात पतंग येऊ लागले की लगेच हालचाल करा. आणि शेजारच्या भाऊला आधीच विचारून ठेवा, तो फवारणी कधी करणार आहे. बांधीला बांधी लागून असते. त्याचं औषध आपल्या माश्यांना सोडत नाही.

आरमोरीकडच्या टसर रेशीमवाल्यांसमोर मात्र अशा परजीवी माश्यांची फार स्तुती करू नका. झॅन्थोपिम्पला नावाची पिवळी गांधीलमाशी ऐनाच्या झाडावरच्या टसर कोशात अंडीनळी खुपसते आणि त्यांची मेहनत मातीत घालते.

धानावरच्या गादमाशीचं गणित वेगळं. तिने केलेले चंदेरी पोंगे दिसले की लोक दाणेदार औषध फेकायला धावतात. पण पोंगा दिसला म्हणजे त्या फुटव्याला लोंबी येणार नाही हे ठरलेलंच. औषधाने तो परत येत नाही. औषध टाकण्याआधी थोडे पोंगे नखाने चिरून पाहा. आत गुळगुळीत गुलाबी अळी असेल तर गादमाशी जोरात आहे. अळी फुगून दाणेदार झाली असेल तर तिच्या पोटात प्लॅटिगॅस्टर नावाच्या इवल्याशा माशीची पिल्लं वाढताहेत. बहुतेक पोंगे असे निघाले तर मी औषधाचे पैसे खिशातच ठेवतो. हेच पोंगे उशिरा रोवलेल्या बांधीत दर 10 चौरस मीटरला एक याप्रमाणे टाकता येतात, रोवणीनंतर दहाएक दिवसांनी.

ओळखता आलं नाही तर सिंदेवाहीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात किंवा गडचिरोलीजवळ सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात पोंगे दाखवा. त्याच सकाळी काढलेले, ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. सुकलेल्या पोंग्यात काय होतं ते तिथल्यांनाही सांगता येत नाही.