संशयिताच्या घरच्यांनी पाळावयाची पथ्ये

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात, जवखेडे खालसा येथे ऑक्टोबर २०१४ मध्ये एका दलित कुटुंबातील आई, वडील व मुलगा यांची हत्या झाली, तेव्हा ती जातीय आकसातून झाल्याच्या समजुतीने राज्यभर मोर्चे निघाले. परंतु काही आठवड्यांनी पोलिसांनी मृतांच्याच नातलगांना अटक केली आणि ज्या घरी सांत्वनासाठी रीघ लागली होती, तेच संशयिताचे घर ठरले. पुढे सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली, मात्र तोवर अनेक वर्षे लोटली होती.

गावातील खुनाच्या तपासात साक्षीदार आणि आरोपी बहुधा एकाच भावकीतले असतात, त्यामुळे एकाने काय सांगितले यावरून दुसऱ्याचे मन कलुषित होते व घर आतून फुटते. म्हणून जबाब, म्हणजे पोलिसांनी तपासात लिहून घेतलेले कथन, देताना प्रत्येकाने स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच सांगावे, ऐकीव गोष्ट जोडू नये. या जबाबावर सही घेण्याची कायद्यात तरतूद नाही, आणि साक्षीदार म्हणून स्त्रियांना, १५ वर्षांखालील मुलांना व ६० वर्षांवरील पुरुषांना जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही.

अटक झाल्यास आरोपीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक असते, आणि कोठडीतील व्यक्तीस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. वकिलाच्या खर्चासाठी जमीन गहाण टाकण्यापूर्वी हे दार ठोठावावे. खुनाच्या गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याने प्रथम कोठडी दिल्यापासून ९० दिवसांत दोषारोपपत्र, म्हणजे पुराव्यांसह आरोप मांडणारा अंतिम अहवाल, दाखल झाले नाही तर जामिनाचा हक्क निर्माण होतो. मात्र अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र आले तर तो हक्क गमावला जातो, म्हणून तारखांची नोंद घरातील एकानेच काटेकोरपणे ठेवावी. निर्दोषत्व सिद्ध करण्याच्या उमेदीने नार्को चाचणीस तत्काळ होकार देऊ नये, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती संमतीविना करण्यास मनाई केली असून संमतीपूर्वी वकिलाचा सल्ला घेता येतो.

मृताच्या घरी किंवा साक्षीदाराकडे समजूत घालण्यासाठी जाणेही टाळावे, कारण सद्भावनेने घेतलेली भेटसुद्धा दबाव मानली जाऊन मिळालेला जामीन रद्द होऊ शकतो.