स्कार्फखाली टिकेल ते फाउंडेशन

बाटलीवर 'चोवीस तास टिकणारं', 'कपड्याला न लागणारं', 'घामाला दाद न देणारं' असं छापलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. 2013 च्या मे महिन्यात तो 47.9 अंशांवर गेला होता. या उन्हात ते दावे किती टिकतात, हे लग्नसराईच्या आधी आपल्याच चेहऱ्यावर पाहून घ्या.

आधी दावे कागदावर उतरवा. तारांकन असेल तर खालचा बारीक मजकूर वाचा. बरेचदा तिथे कळतं की आकडा वापरणाऱ्यांच्या मतावरून काढलाय. 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं' म्हणजे तपासलं एवढंच, निकाल काय लागला ते त्यात नाही. 'नैसर्गिक तेज' मोजता येत नाही, ते खोडा. उरलेले दावे तपासायचे.

शेड दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका, मनगटावर तर नाहीच. बर्डीच्या बाजारात गेलात की जवळच्या तीन शेड्सच्या रेघा गालाच्या खालच्या कडेपासून मानेपर्यंत ओढा आणि बाहेर सावलीत येऊन आरशात बघा. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. मग बाकीची खरेदी उरका आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघा, कारण काही फाउंडेशन त्वचेच्या तेलात मिसळून गडद किंवा नारिंगी होतात. काउंटरवर 'एक शेड उजळ घ्या, छान दिसेल' असं सांगितलं तर ऐकू नका. 'फेअर अँड लव्हली'चं नाव 2020 मध्ये बदललं, पण ही सवय अजून गेलेली नाही. सावळा रंग झाकायची वस्तू नाही, आणि उजळ शेडनं राखाडी दिसणाऱ्या चेहऱ्याखाली सावळी मान लगेच उठून दिसते.

घरी आणल्यावर थोडं कानामागे लावून दोन दिवस वाट बघा. खाज, पुरळ आलं तर तिथेच थांबा.

आता खरी परीक्षा. चेहरा धुऊन नेहमीचं सनस्क्रीन लावा, ते मुरू द्या. एका गालावर नवं, दुसऱ्यावर जुनं फाउंडेशन लावा; हात तोच, प्रमाण तेच. वेळ लिहा. पांढरा सुती स्कार्फ घट्ट बांधून गाडीवर नेहमीच्या कामाला जा. उतरल्यावर स्कार्फ उजेडात पसरा. नाकाचा शेंडा, वरचा ओठ आणि हनुवटी जिथे टेकली होती, तिथले डाग दोन्ही बाजूंचे ताडून बघा. फिकट पिवळट ठसा चालेल. गालाचा आख्खा आकार उमटला असेल तर 'न लागणारं' या शब्दावर काट मारा.

मग कूलरसमोर बसा. बाहेरच्या कोरड्या झळीत कोरडा गाल तडकतो, तर कूलरच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही आणि नाकपुड्यांशेजारी रंग गोळा होतो. दोन्ही ठिकाणी टिकलं तरच नागपूरसाठी पास म्हणा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकाच खिडकीशी फोटो काढा. एक फोटो फ्लॅश लावूनही हवा. काही फाउंडेशनमुळे त्यात चेहरा पांढराफटक येतो आणि ते नेमकं लग्नाच्या अल्बममध्ये दिसतं.

एसपीएफच्या आकड्यावर विसंबू नका. तो दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर देऊन मोजतात. फाउंडेशन एवढं जाड कुणी लावत नाही. सनस्क्रीन वेगळं लागतंच.

चोवीस तासांचा दावा तपासायला मेकअप ठेवून झोपू नका. आठ-दहा तासांत उतरलं तर निकाल लागलाच.

दावा आणि अनुभव यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर गप्प बसू नका. जाहिरातीतल्या खुलाशानं मूळ दाव्याच्या विरुद्ध बोलू नये, असं 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तक्रार करण्याआधी बिल, बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि तुमचे फोटो जवळ ठेवा.